उत्तर तेच होतं

मगदूम मॅडम पहिल्यांदा माझ्या खोलीत आल्या त्या कागद मागायला.

आमच्या फिजिऑलॉजी विभागात पूर्वी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग चालायचे. फिरत्या ढोलावर चकचकीत पांढरा कागद गुंडाळायचा, त्यावर काजळी धरायची आणि स्नायू आखडला की सुईनं त्या काजळीत रेघ उमटायची. पुढे बेडूक बंद झाले, ढोल कपाटात गेले, कागदाचे गठ्ठे मात्र तसेच पडून राहिले. मॅडमना ते कुणीतरी सांगितलं असावं. दारात एक ठेंगणी, पन्नाशीला आलेली बाई उभी होती. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पायात जाड तळाच्या सँडल. त्यांनी नाव सांगितलं, नव्यानंच रुजू झाल्याचं सांगितलं आणि विचारलं, ते कागद टाकून देणार असाल तर मला द्याल का. कशाला हवेत, असं मी विचारल्यावर म्हणाल्या, गणितं करायला. साध्या कागदावर त्यांची एक ओळ मावत नव्हती.

मला वाटलं, गंमत करतायत. नंतर त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा पाहिलं. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद पसरलेला, आणि मॅडम एकच समीकरण लिहीत लिहीत उभ्यानं टेबलाच्या कडेनं सरकत चाललेल्या.

डॉ. पद्मावती मगदूम मूळच्या आष्ट्याच्या. जैन शेतकऱ्याचं घर, ऊस आणि हळद. मेडिकल कॉलेजात डॉक्टर या शब्दाचा एकच अर्थ होतो, त्यामुळे सुरुवातीला शिपाई, क्लार्क, लायब्ररीतल्या बाई असे सगळे त्यांच्याकडे गुडघेदुखी आणि पित्त घेऊन जायचे. त्यांची डॉक्टरेट होती स्ट्रिंग थिअरीतली. विश्वातले सगळे कण म्हणजे मुळात अतिसूक्ष्म तारांची कंपनं आहेत असं धरून जगाचं गणित मांडणारं ते शास्त्र. पुण्यात शिकल्या, मग काही वर्षं युरोपात संशोधन केलं, वडील आजारी पडले म्हणून परत आल्या आणि वडील गेल्यावरही इथंच राहिल्या. का राहिल्या ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

सांगलीजवळच्या आमच्या कॉलेजला तेव्हा वैद्यकीय शिक्षणावर संशोधन करणारा एक छोटा विभाग उभा करायचा होता. विद्यार्थी कसे शिकतात, आपण शिकवतो ते त्यांच्यापर्यंत पोचतं का, परीक्षा नेमकं काय मोजते, असल्या प्रश्नांवर काम करायला आकडे कळणारं माणूस हवं होतं. मुलाखतीत त्यांना विचारलं, वैद्यकीय शिक्षणातलं तुम्हाला काय येतं? त्या म्हणाल्या, काहीच येत नाही. पण शिकताना माणूस कुठं अडतो हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण मी ज्या विषयात काम करते तिथं सगळेच अडलेले असतात. हे ऐकून त्यांना घेतलं की दुसरं कुणी आलंच नव्हतं म्हणून घेतलं, यावर आमच्या चहाच्या टेबलावर दोन मतं होती.

इतकी वर्षं बाहेर राहूनही त्यांचं बोलणं आष्ट्याचंच होतं. आमच्या भागात बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, तसंच त्या म्हणायच्या. मुंबई-पुण्याकडची पोरं सुरुवातीला हसायची. इंग्रजी त्या झरझर बोलायच्या, पण त्यालाही वाळवा तालुक्याचा हेल. तो त्या लपवायच्या नाहीत आणि मिरवायच्याही नाहीत. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नेम. हिवाळ्यात साडेपाचला मीटिंग चालू असली तर तिथंच डबा उघडायच्या. डीन सर शिस्तीवर बोलतायत आणि समोर मॅडम शांतपणे भाकरी मोडतायत, हे दृश्य सगळ्या स्टाफनं पाहिलेलं आहे.

आणि त्यांचा तो एक शब्द, ‘कशावरून?’ कुणी म्हणालं, हल्लीची मुलं वाचतच नाहीत, की मॅडम विचारायच्या, कशावरून? आवाजात खोच नसायची. खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारायच्या आणि उत्तराची वाट बघत थांबायच्या. ते थांबणं भल्याभल्यांना जड जायचं. काही जण त्यांना बघून वाट बदलायचे.

त्यांची ताकद आम्हाला पहिल्यांदा कळली ती महाबळेश्वरला. शिक्षकांनी शिकवावं कसं, याची दोन दिवसांची कार्यशाळा होती. निम्मे जण स्ट्रॉबेरीच्या पेट्यांची यादी खिशात घेऊनच आले होते. मॅडमचं सत्र पहिल्या दिवशी दुपारी. त्या उभ्या राहिल्या आणि नमस्कारही न करता स्ट्रिंग थिअरी शिकवू लागल्या. पाऊण तास. फळा भरला, पुसला, परत भरला. कुणाकडे पाहिलं नाही, एकही शंका विचारू दिली नाही. आम्ही आधी हसत होतो, मग एकमेकांकडे बघायला लागलो. शेवटी त्यांनी खडू ठेवला आणि आमच्यातल्या पाच जणांना पुढं बोलावलं. तोंडी परीक्षा.

पहिला नंबर सर्जरीच्या विभागप्रमुखांचा. त्यांच्या आवाजाला अख्खं ऑपरेशन थिएटर घाबरायचं. मॅडमनी त्यांच्याकडे न बघताच प्रश्न विचारला, घड्याळ बघितलं, उसासा टाकला आणि म्हणाल्या, इतकं साधं येत नाही, मग इथं आलात कशाला? सर्जन साहेबांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला. माझ्या वाट्याला सोपा प्रश्न आला: या सिद्धांतात मिती किती? मी जोरात म्हणालो, दहा. त्या म्हणाल्या, कशावरून?

पाचही जणांचं झाल्यावर त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. आत्ता शरीरात काय काय झालं तेवढंच लिहा, नाव नको. मग त्या चिठ्ठ्या वाचून दाखवल्या. एकीवर लिहिलं होतं, ‘तळहात ओले. प्रश्न नीट ऐकूच आला नाही.’ अक्षर सर्जन साहेबांचं होतं, ते आम्ही सगळ्यांनी ओळखलं. मॅडम म्हणाल्या, तुमच्यासमोर रोज जे पोर उभं राहतं त्याची तब्येत आत्ता तुम्हीच लिहून दिली आहे. एवढं बोलून त्या खाली बसल्या. त्या संध्याकाळी स्ट्रॉबेरीची आठवण बऱ्याच जणांना उशिरा झाली.

कॉलेजात त्यांनी शनिवारी दुपारी अर्ध्या तासाचं एक बोलणं सुरू केलं होतं. हजेरी नाही, मार्क नाहीत, ज्याला यायचं त्यानं यावं. दहा-बारा पोरं यायची. मीही कधीकधी मागं बसायचो. एका शनिवारी त्या आपल्या स्वतःच्या संशोधनाबद्दल बोलत होत्या. इटलीत मार्को नावाचे त्यांचे एक जुने सहकारी होते. दोघं मिळून दोन वर्षं एकाच प्रश्नावर काम करत होते, आणि त्यांचा शोधनिबंध नुकताच छापून आला होता. विशिष्ट प्रकारच्या कृष्णविवराच्या आत किती वेगवेगळ्या अवस्था असू शकतात, ते मोजायचं, असा तो प्रश्न. मॅडमनी फळ्यावर दोन आकृत्या काढल्या. ही एक अवस्था, ही दुसरी. अशा सगळ्या धरल्या की बेरीज एवढी येते.

मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला. पहिल्या वर्षाची अंजुम मुल्ला, फलटणची. तिच्या वडिलांचं तिथं शिलाईचं दुकान. सगळं शिक्षण मराठी शाळेत झालेलं. वर्गात ती कधी बोलायची नाही. उभी राहून तिनं अडखळत विचारलं, “मॅडम, तुम्ही मगाशी म्हणालात, एकच वस्तू दोन बाजूंनी बघितली तर दोन वेगळ्या वस्तू वाटतात. मग ह्या दोन खरंच वेगळ्या हायत, हे कशावरून?”

मॅडम फळ्याकडे वळल्या. एका आकृतीवरून दुसरीवर बोट फिरवत राहिल्या, तोवर पोरं चुळबुळायला लागली. मग आजचं इथंच थांबवूया म्हणाल्या आणि खडू हातात तसाच घेऊन निघून गेल्या.

सोमवारी सकाळी मी विभागात पोचलो तर त्या माझ्या दाराशी उभ्या. आत येऊन त्यांनी माझ्या टेबलावर तो चकचकीत कागद पसरला, एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “शिंदे सर, मी चुकलो. त्या दोन न्हाईत, एकच हाय. आमी सगळीकडं एकच दोनदा मोजलंय.”

मला गणितातलं काही कळलं नाही, पण एवढं कळलं की दोन वर्षांचं काम गेलं. मार्कोंचं म्हणणं होतं, घाई नको. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही, पुढच्या निबंधात हळूच दुरुस्ती करू. मॅडमनी त्यांना कळवलं की एका मुलीच्या लक्षात आलेलं आहे. त्याच आठवड्यात त्यांनी निबंध जाहीरपणे मागे घेतला. मागे घेताना जे निवेदन द्यावं लागतं, त्यात चूक कुठं झाली ते लिहिलं आणि शेवटी लिहिलं की ही चूक पहिल्या वर्षात शिकणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थिनी अंजुम मुल्ला यांच्या प्रश्नामुळे सापडली, त्यांचे आभार. ते निवेदन वाचेपर्यंत मार्को विचारत होते, ही मुलगी कोणत्या विद्यापीठातली गणितज्ञ?

वाईट नाही वाटलं का, असं मी त्यांना विचारलं होतं. “वाटलं की,” त्या म्हणाल्या. “रविवारी जेवलो न्हाई. पण आज मला ठाऊक हाय की ते खरं न्हाई. शुक्रवारपर्यंत तेवढंबी ठाऊक नव्हतं.”

पुढच्याच महिन्यात पहिल्या वर्षाची सहामाही परीक्षा झाली आणि फिजिऑलॉजीचे मार्क लागले. तोंडी परीक्षेत वर्गात सगळ्यात कमी मार्क अंजुम मुल्लाला होते. ते मी दिले होते.

मॅडम यादी घेऊन आल्या आणि विचारलं, ही तीच मुलगी का. मी हो म्हणालो. म्हणालो, लेखी बरं आहे, पण तोंडी परीक्षेत काही येत नाही तिला. दोन शब्द बोलते आणि थांबते, मध्येच मराठीत घसरते, आत्मविश्वास म्हणून नाही. त्यांनी त्यांचा शब्द उच्चारला. मी जरा तोडूनच म्हणालो, सोळा वर्षं मी या परीक्षा घेतोय, समोर पोर बसलं की दोन मिनिटांत कळतं. त्या वाद न घालता निघून गेल्या. मला वाटलं, विषय संपला.

आठवड्याभरानं अंजुमचे वडील फलटणहून आले. मी तिच्या तुकडीचा पालक-शिक्षक होतो, म्हणून माझ्याकडे आले. नेमक्या मॅडम तेव्हा माझ्या खोलीत बसलेल्या होत्या. मुल्ला खुर्चीच्या अगदी कडेला टेकले आणि मुलीची कागदपत्रं परत कशी मिळतील ते विचारू लागले. पोरगी घरी येऊन दोन दिवस बोलली नव्हती, मग म्हणाली, मला हे झेपणार नाही. फलटणलाच नर्सिंगला घालायचं त्यांच्या मनात होतं. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. एवढ्या मोठ्या ठिकाणी पोरीला पाठवून आपणच चुकलो, असा सूर होता.

मॅडमनी विचारलं, तिला झेपत नाही असं कोण म्हणतं?

“आवं मॅडम, मार्कच म्हणत्यात की,” ते म्हणाले. “तिला इंग्लिश येत न्हाई. मोठी माणसं समोर बसली की तिचं तोंड बंद हुतंय.”

“इंग्लिश शिकवता येतं,” मॅडम म्हणाल्या. “तिच्याकडं जे हाय, ते मला आजवर कुणाला शिकवता आलं न्हाई. माझी दोन वर्षांची चूक तुमच्या पोरीनं एका प्रश्नात काढली. जगात ज्यांना तो विषय कळतो, त्यातल्या एकालाबी ती दिसली नव्हती. तुमी कागद मागू नका. वार्षिकच्या आधीची परीक्षा होऊस्तवर थांबा. तवा न्हाई जमलं तर मी स्वतः तिला घेऊन फलटणला येतो.”

मुल्ला माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली. ती कशासाठी हलवली, हे तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं.

त्यानंतर मॅडमनी तो अभ्यास हाती घेतला. कॉलेजच्या नीतिसमितीची परवानगी काढली. तोंडी परीक्षेत मार्क कसे दिले जातात यावर संशोधन आहे, एवढंच आम्हा परीक्षकांना सांगितलं आणि आमच्या सह्या घेतल्या. मग महिनाभर आम्हाला अधूनमधून ध्वनिफिती ऐकवल्या. प्रश्न ऐकायचा, विद्यार्थ्याचं उत्तर ऐकायचं, दहापैकी मार्क द्यायचे. एका दिवशी चार, चार दिवसांनी आणखी चार. मला काम सोपं वाटलं. मी भराभर आकडे टाकत गेलो.

महिन्यानंतर त्या एकेका परीक्षकाच्या खोलीत स्वतः जाऊ लागल्या. प्रत्येकासाठी एक बंद पाकीट. सगळ्यांसमोर काही उघडायचं नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. माझ्याकडे आल्या, दार लोटलं आणि बसल्या. पाकीट देण्याआधी पिशवीतून एक वेगळा कागद काढला.

“आधी हा बघा. हा माझा.”

तो त्यांनीच भरलेला मार्कांचा तक्ता होता. सगळ्यात आधी, प्रयोग नीट चालतोय का हे बघायला, उत्तराचे मुद्दे समोर ठेवून त्यांनी स्वतः मार्क दिले होते. त्या ध्वनिफितींत काही उत्तरांच्या जोड्या होत्या. शब्द वेगळे, बोलण्याची पद्धत वेगळी, पण मुद्दे तेच आणि क्रमही तोच. कुठल्या जोड्या ते फक्त ज्या इंटर्न मुलीनं ध्वनिफिती तयार केल्या तिलाच माहीत होतं. मॅडमनी एका जोडीतल्या सफाईदार इंग्रजीतल्या उत्तराला आठ दिले होते आणि अडखळत्या, मराठी मिसळलेल्या उत्तराला सहा.

“अशा जोड्या हायत, हे मला ठाऊक होतं,” त्या म्हणाल्या. “तरीबी दिले.”

मग माझं पाकीट पुढं केलं. माझे आकडे सात आणि चार होते. दुसऱ्या जोडीत आठ आणि पाच.

माझं पहिलं वाक्य मला अजून लख्ख आठवतं. मी म्हणालो, दुसऱ्या मुलीचा विषय कच्चा होता, तो आवाजात कळत होता. मॅडमनी पिशवीतून इअरफोन काढून माझ्या पुढे ठेवले. मी दोन्ही उत्तरं लागोपाठ ऐकली. परत ऐकली. तिसऱ्यांदा ऐकताना समोर कागद घेऊन मुद्दे मोजले. पाच आणि पाच.

“दोन्ही आवाज एकाच पोरीचे हायत,” मॅडम म्हणाल्या. “नाटकात काम करती ती. उत्तर तेच होतं, शिंदे सर.”

मी इअरफोन काढून ठेवले. मग मी त्यांना जे सांगितलं ते तोवर बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी साताऱ्याजवळच्या एका खेड्यातला. मेडिकलला गेलो तेव्हा हॉस्टेलमधली पोरं माझ्या ‘हाय’ आणि ‘न्हाई’वर लोळून हसायची. पहिलं अख्खं वर्ष मी बाथरूमच्या आरशासमोर उभा राहून ‘आहे’ आणि ‘नाही’ म्हणायला शिकलो होतो. इतकं नीट शिकलो की सोळा वर्षं समोर बसलेल्या पोरांच्या तोंडून तोच आवाज आला की माझं पेन आपोआप खाली यायचं, आणि मला वाटायचं, आपण ज्ञान तपासतोय.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. सांत्वन केलं नाही. उठताना म्हणाल्या, “मग तुमाला लय लवकर जमंल. बाकीच्यांना ते पहिल्यापासनं शिकायला लागंल.”

सगळ्यांनी ते असं घेतलं नाही. दोघांनी पाकीट न उघडताच परत पाठवलं. निबंध छापायला परवानगी मागितल्यावर डीन सरांनी मॅडमना बोलावून घेतलं. तोवर मी विभागप्रमुख झालो होतो, म्हणून मलाही बसवलं. डीन सर वाईट माणूस नव्हते, पण कॉलेजच्या नावाला फार जपायचे. ते म्हणाले, घरातली गोष्ट घरात सुधारू, छापायची काय गरज आहे. मॅडम म्हणाल्या, कॉलेजचं नाव निबंधात नसेल, पण निष्कर्ष तोच राहील, कारण आमच्याकडे जे झालं ते इतर कॉलेजांतही होत असणार आणि त्यांना ते शोधायला सोपं जावं. डीन सरांनी विचारलं, मी परवानगी दिली नाही तर? त्या म्हणाल्या, तुम्हीही परीक्षक होता सर, तुमचं पाकीट आठ दिवस तुमच्या टेबलावर पडून आहे. आधी ते उघडा, मग ठरवा. एकटे असताना उघडा, मला सांगायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी परवानगीचा कागद सहीसकट आला. डीन सरांच्या पाकिटात काय होतं, ते मॅडमनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. मीही परत विचारलं नाही.

निबंध दोन नियतकालिकांतून परत आला. त्यातल्या एका नियतकालिकाच्या समीक्षकानं लिहिलं होतं की विषय महत्त्वाचा आहे, पण लेखिकेनं इंग्रजी एखाद्या इंग्रजीभाषकाकडून सुधारून घ्यावं. मॅडम तो शेरा वाचून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि त्याची प्रत काढून विभागाच्या फलकावर लावली. तिसऱ्या ठिकाणी निबंध जसाच्या तसा स्वीकारला गेला.

तोवर आमच्या विभागात तोंडी परीक्षा बदलली होती. प्रश्न कार्डावर लिहिलेले, सगळ्यांना सारखे. उत्तरात कोणते मुद्दे यायला हवेत त्याची यादी परीक्षकासमोर. दोन परीक्षक, दोघांनी वेगवेगळे मार्क द्यायचे. आणि विद्यार्थ्याला हवं तर आधी मराठीत समजावून सांगायची मुभा, शास्त्रीय शब्द तेवढे इंग्रजीत. वार्षिकच्या आधीच्या परीक्षेत अंजुम मुल्ला माझ्यासमोर बसली. तिच्या कार्डावर प्रश्न होता, उंच डोंगरावर गेलेल्या माणसाचा श्वास का वाढतो. ती आधी थांबली. पूर्वी मी त्या थांबण्याचा एक मार्क कापत असे. मग ती बोलू लागली, अडखळत, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. मी यादीवर एकेक खूण करत गेलो. शेवटच्या मुद्द्याशी पोचलो तेव्हा लक्षात आलं की यादीत नसलेला आणखी एक मुद्दाही ती सांगून गेली आहे, आणि तो बरोबर आहे.

तिचे वडील कागदपत्रं न्यायला परत आले नाहीत. आज अंजुम फलटणच्या बाजूला सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. तिकडून येणारे पेशंट सांगतात की बाई लय निवांत ऐकून घेतात.

मॅडम आणि मार्को यांनी ते मागे घेतलेलं काम सोडलं नाही. सगळी मोजणी नव्यानं केली. तीन वर्षांनी नवा निबंध आला. पहिल्यापेक्षा त्यातला दावा लहान होता. मॅडम म्हणायच्या, लहान हाय पण उभा हाय.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या आणि आष्ट्याला भावाकडे राहायला गेल्या. निरोपाच्या समारंभात सगळे भरभरून बोलले, ज्यांनी पाकिटं परत पाठवली होती तेसुद्धा. मॅडम उत्तरादाखल दोनच वाक्यं बोलल्या आणि लायब्ररीत त्यांच्या नावावर असलेली पुस्तकं परत करायला निघून गेल्या.

यंदा मार्चमध्ये एका नव्या अभ्यासाचा आराखडा दाखवायला मी आष्ट्याला गेलो. शेतातल्या खळ्यावर हळद शिजवायचं काम चाललं होतं. बॉयलरची वाफ सगळीकडे कोंदलेली, पलीकडे ताडपत्रीवर बाया शिजलेली हळद पसरत होत्या. मॅडम त्या गर्दीत मधोमध उभ्या राहून फोनवर तावातावानं इंग्रजीत भांडत होत्या. पलीकडे मार्को होते. समीकरणातल्या कुठल्या तरी पदाचं चिन्ह अधिक की वजा, यावर वाद होता. मला पाहून त्यांनी हातानंच बसा म्हणून खुणावलं.

तेवढ्यात बॉयलरवरच्या माणसानं हाक मारली, हळद शिजत होती तो ढोल उतरवायची वेळ झाली होती. मॅडमनी मार्कोंना सांगितलं, होल्ड ऑन, आणि फोन माझ्या हातात दिला.

“तुमी बोला तवर त्याच्याशी. आधी हळद.”

मी फोन कानाला लावला. ओळख करून दिली. तिकडून एक म्हातारा, प्रसन्न आवाज आला. त्यांनी विचारलं, ती कुठं गेली? मी म्हणालो, येतीलच, जरा काम आहे. ते म्हणाले, तीस वर्षं मी तिला ओळखतो, पण ती राहते ती जागा मी कधी पाहिलेली नाही. आत्ता ती काय करतेय ते मला सांगता का?

मी समोर बघितलं आणि माझ्या साताऱ्याच्या इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. सांगितलं की खूप वाफ आहे, तिच्यातून त्या धड दिसत नाहीत. पदर कमरेला खोचलाय. दोन गडी लोखंडी ढोल कलता करतायत, आणि त्या वाकून बघतायत, हात वर करून थांबवतायत, परत बघतायत. हात कोपरापर्यंत पिवळे आहेत. आता त्यांनी एक कंद उचलला, बोटांनी दाबला, अर्धा मोडला आणि आतून शिजलाय का ते बघितलं. आता मान हलवली. आता त्या गड्यांना म्हणतायत, ओता.